लाँड्रीतली पालकसभा

आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलांचे कपडे धुतात. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, बाळांची दुपटी. मळके गठ्ठे एका दाराने आत येतात आणि दुसऱ्या दाराने पांढऱ्याशुभ्र घड्या बाहेर पडतात. मधे जे काही होतं ते वाफेत होतं, त्यामुळे नीटसं कोणालाच दिसत नाही. मी शिवणखोलीत बसते. फाटलेलं शिवते, अगदीच गेलेलं असेल तर कापून त्याची फडकी करते. माझ्या खोलीला खिडकी आहे, पण ती कारखान्याच्या आत उघडते. शिवणाऱ्या बाईला बाहेरचं जग बघून काय करायचंय, असा विचार बांधणाऱ्याने केला असावा. पण त्या खिडकीमुळेच पुढचं सगळं मला बसल्या जागी दिसलं.

सुरुवात एका चिमट्यापासून झाली. ऑपरेशन झालं की तिथली माणसं खालच्या चादरीसकट सगळं गोळा करून गठ्ठ्यात टाकतात, आणि त्यात कधी कात्री येते, कधी चिमटा. मळक्या बाजूला आमची माणसं उभी असतात, त्यांनी ते शोधून काढायचं. एकदा ते राहून गेलं. चिमटा धुतला गेला, वाळला, रोलरखालून इस्त्री होऊन घडीत बसला आणि हॉस्पिटलात एका पेशंटच्या पाठीला टोचला. त्याच आठवड्यात बाळांच्या दुपट्यांच्या पिशवीत एक ऑपरेशनचा गाऊन निघाला. हॉस्पिटलने आमच्या साहेबांना बोलावून घेतलं.

साहेबांचा ट्रेनिंगवर फार विश्वास. छत गळायला लागलं तेव्हाही त्यांनी छताऐवजी आम्हाला ट्रेनिंग दिलं होतं, ओल्या फरशीवर कसं चालावं याचं. त्यामुळे चिमटा निघाल्यावर ट्रेनिंग होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो.

ट्रेनिंग द्यायला आमच्याकडे एक मॅडम आहेत. वयाने लहान, स्वभावाने चांगल्या, आणि कारखान्यात नव्या. त्यांनी भिंतीवर स्लाइड दाखवल्या. पहिल्या स्लाइडवर लिहिलं होतं, 'सुरक्षा ही एक संस्कृती आहे'. खाली कोट घातलेली चार माणसं एका घडीकडे बघून हसत होती. मळकी चादर त्यांनी लांबूनसुद्धा पाहिली नसावी, इतकी हसत होती. शेवटी मॅडमनी विचारलं, "समजलं का?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "हो." सह्या केल्या, चहा प्यायलो आणि कामाला लागलो. दोनच दिवसांत घडीत कात्री निघाली.

मॅडमचा चेहरा एवढासा झाला. साहेब मात्र तेव्हा एका परिषदेला गेले होते, आणि परिषदेहून माणूस रिकाम्या हाताने येत नाही. ते एक नवा विचार घेऊन आले. सगळ्यांना उभं करून म्हणाले, "मोठी माणसं म्हणजे उंच वाढलेली मुलंच असतात. आपण आजवर त्यांना मोठं समजून शिकवलं, तिथेच चुकलो."

रोलर इस्त्रीवरचे काका माझ्या खिडकीशी उभे होते. निवृत्तीला आलेले, दोन नातवंडांचे आजोबा. ते हळूच म्हणाले, "चला, म्हातारपणी बढती मिळाली."

आता लहान मुलांना शिकवणारं माणूस हवं होतं. मॅडमच्या सासूबाईंनी आख्खा जन्म चौथीच्या वर्गाला शिकवलं होतं आणि आता त्या घरी होत्या. मॅडमच्या तोंडून हे निघून गेलं आणि साहेबांनी ते तिथल्या तिथे उचललं. स्वतःची सासू स्वतःच्या ऑफिसात आणून बसवणारी सून मी तरी पहिल्यांदाच पाहिली. पण नोकरीवर बेतलं की माणूस काय वाटेल ते करतं.

बाई आल्या. बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. आल्या त्या एक उलटी टोपली ओढून मळक्या बाजूला बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्वच्छ बाजूला बसल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत. मला विचारलं, "सगळ्यात जास्त काय फाटतं?" मी म्हटलं, "चादरींचे कोपरे." त्या म्हणाल्या, "का?" इतकी वर्षं शिवतेय, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. बाई रागावल्या नाहीत, एक फाटका कोपरा उचलून उलटसुलट बघत बसल्या.

साहेबांना चैन पडेना. "बाई, ट्रेनिंग सुरू कधी होणार?"

"सुरू झालंय की," बाई म्हणाल्या. "सध्या माझं चाललंय."

मग एके दिवशी त्यांनी पिशवीतून घरचे चमचे काढले, मळक्या गठ्ठ्यांत कुठेकुठे लपवले आणि माणसांना शोधायला लावलं. कोण चटकन शोधतं हे दिसलं, की त्याला दुसऱ्याशेजारी उभं करायचं आणि म्हणायचं, "आता तू याला शिकव. मी ऐकते." 'समजलं का' हे शब्द त्यांनी तोंडातून काढले नाहीत. "समजलं का विचारलं की मुलं हो म्हणतात," त्या मॅडमना म्हणाल्या. "हो म्हटलं की सुटका होते ना. त्यापेक्षा 'दाखव' म्हणावं."

"आई, पण घरी चहात साखर ढवळायला चमचा राहिलेला नाही," मॅडम म्हणाल्या, आणि कारखान्यात आपण आई म्हणालो हे लक्षात येऊन लाजल्या.

काकांना बाई म्हणाल्या, "मला रोलरवर चादर लावायला शिकवा." काकांनी शिकवलं. बाईंनी ती वाकडी लावली, एका कोपऱ्याला धरून खेचली आणि कोपरा टरकला. बाई तो कोपरा घेऊन थेट माझ्याकडे आल्या. "बघा, त्या दिवशीचं उत्तर मिळालं." मग आम्ही तिघांनी बसून चादर दोन हातांनी कशी धरायची ते ठरवलं. माझ्याकडे येणारा ढीग तेव्हापासून कमी झाला. हे मी साहेबांना सांगितलं नाही. ढीग कमी झाला की माणसं कमी करता येतात, एवढं आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

मग त्यांनी चहाच्या कोपऱ्यात फळा लावला. वर लिहिलं, 'आज काय चुकलं'. खाली पहिली ओळ त्यांनी स्वतःच लिहिली, 'मळक्या बाजूचे हातमोजे घालून मी स्वच्छ बाजूला गेले.' म्हणाल्या, ज्याचं चुकेल त्याने लिहायचं, नाव घालायची गरज नाही. पहिले काही दिवस त्या एकट्याच लिहीत होत्या. बाईंच्या एवढ्या चुका बघून माणसांना धीर आला असावा. एक दिवस कोणीतरी लिहिलं, 'दुपट्यांच्या आणि गाऊनच्या पिशव्या जवळजवळ सारख्याच गडद रंगाच्या आहेत. दिवा लावल्यावर दोन्ही काळ्या दिसतात.' आठवड्याच्या आत दुपट्यांना पिवळ्या पिशव्या आल्या. मीही लिहिलं, 'डुलकी लागून उलटी शिवण घातली.' लिहिल्यावर इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशी लिहायला काही नव्हतं याचं जरा वाईटच वाटलं.

हॉस्पिटलच्या तक्रारी थांबल्या. आणि तिथेच घात झाला, कारण चाललेलं काम चांगलं चाललंय हे साहेबांच्या लक्षात आलं.

त्यांनी त्या प्रकाराला आधी नाव दिलं. 'उमलती फुलं उपक्रम'. मग दारात मोठा तक्ता लागला. त्यावर प्रत्येक विभागाचं नाव आणि पुढे सोनेरी चांदण्यांना जागा. फळ्यावर ज्या विभागाच्या चुका कमी, त्याला चांदणी. चुका कोणाच्या ते कळावं म्हणून नाव लिहिणं सक्तीचं झालं. सकाळी हजेरी सुरू झाली. साहेब नाव पुकारायचे, आम्ही 'हजर' म्हणायचं. ते त्यांना इतकं आवडलं की कधी कधी जेवणाच्या सुट्टीनंतरही घ्यायचे.

बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"साहेब, चुका मोजायला लागलं की मुलं चुकायची थांबत नाहीत. सांगायची थांबतात."

"बाई, तुमची तळमळ कळते मला," साहेब म्हणाले. "पण वरच्या ऑफिसला आकडे लागतात."

"मग मुलांना काय लागतं ते कोण बघणार?"

"त्यासाठीच तर चांदण्या आहेत," साहेब म्हणाले.

काही दिवसांत फळा कोरा झाला. कारखान्यात एकाएकी कोणाचं काहीच चुकेना. साहेबांनी त्या कोऱ्या फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि वर पाठवला. तक्त्यावर चांदण्यांची दाटी झाली. एकमेकांशी कधी न भांडलेली माणसं चांदणीवरून भांडली. घड्या घालणाऱ्या दोघी बहिणी-बहिणींसारख्या होत्या, त्या एकमेकींच्या चहाच्या कपाला हात लावेनाशा झाल्या. आणि मला म्हणाल तर, शिवणखोलीला एकच चांदणी मिळाली याचा मलाही राग यायचा. घरी जाताना मी तक्त्याकडे बघायचं टाळायचे, पण बघायचेच.

मग एका सकाळी माझे पाय ओले झाले. खाली बघते तर फरशीवर पाणी. धुलाई मशीनचं पाणी जिथे जमतं त्या खड्ड्यातला पंप बंद पडला होता आणि सगळं फेसाळ पाणी उलटं आत येत होतं. माझी फडकी बोटींसारखी तरंगत दाराबाहेर निघाली. मशीनं बंद केली. कारागीर आला, त्याने पंप उघडला आणि आत हात घातला. एक कात्री निघाली. मग चिमटा. मग आणखी कात्र्या, आणखी चिमटे, सुया, आणि एक चमचा. एक छोटं ऑपरेशन थिएटरच निघालं म्हणा ना. चमचा बाईंचा होता.

कात्र्या सापडत होत्या, पण सापडल्याचं सांगितलं की आधी कोणाच्या तरी हातून सुटली होती हे कळणार, आणि चांदणी जाणार. म्हणून ज्याला सापडेल तो ती गुपचूप त्या खड्ड्याकडे जाणाऱ्या नाल्यात सोडत होता.

त्या दिवशी हॉस्पिटलात चादरी गेल्या नाहीत. साहेब ओल्या फरशीवर उभे राहून ओरडले, "हे कोणी केलं?"

शाळेत असल्यासारखे सगळे पायाकडे बघायला लागले. तेवढ्यात काका पुढे झाले. "त्यातली एक मी टाकली, साहेब. चांदणी जाईल म्हणून. नातवाला सांगून ठेवलं होतं, आजोबांना या महिन्यात पहिला नंबर मिळणार." आणि हे सांगताना त्यांचा आवाज चिरकला. एवढ्या मोठ्या माणसाचा, एका कागदी चांदणीसाठी.

साहेबांना त्यातून एकच गोष्ट दिसली. मुलं बिघडली की शाळा काय करते? पालकांना बोलावते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, सगळ्यांना प्रगतिपुस्तक मिळेल, त्यावर घरून पालकाची सही आणायची, आणि महिनाअखेर पालकसभा. "मीसुद्धा यातून सुटणार नाही," ते म्हणाले. "माझंही प्रगतिपुस्तक बाईंनी भरावं."

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. बाई म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे, साहेब. फक्त एक सांगते, पालकसभेत पालकही बोलतात."

"बोलू द्या की," साहेब उदारपणे म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या शाळेत पालकसभेला आजवर त्यांची बायकोच जात आली होती, त्यामुळे त्यांना अंदाज नसावा.

माझा नवरा बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो. म्हणजे पालक उरल्या त्या सासूबाई. मी प्रगतिपुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन वाचलं.

"'शिस्त: समाधानकारक'," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याने तुला घरी बघितलेलं दिसत नाही." सही करताना पेन इतका दाबला की पान फाटायचं राहिलं. मग म्हणाल्या, "सभा कधी आहे?"

"आई, तुम्ही कशाला त्रास घेता? नुसती सही चालते."

"मी पालक आहे," त्या म्हणाल्या. त्या शब्दाची त्यांना आधीच गोडी लागली होती.

सभा घड्यांच्या हॉलमध्ये भरली. आदल्या दिवसाचं काम तुंबलं होतं, म्हणून साहेबांनी मशीनं चालूच ठेवली. रोलर फिरत होता, वाफ सुटत होती, आणि खुर्च्यांवर कोणाची बायको, कोणाचा नवरा, कोणाचा म्हातारा बाप, असे सगळे नीटनेटके कपडे घालून बसले होते. साहेबांची बायको, त्यांची पालक म्हणून, मागच्या रांगेत होती. साहेबांनी स्लाइड लावली. पालकांनी प्रगतिपुस्तकाने वारा घ्यायला सुरुवात केली. प्रगतिपुस्तकाचा तेवढा तरी उपयोग झाला.

साहेबांनी पहिल्यांदा काकूंना उभं केलं, म्हणजे काकांच्या बायकोला. "तुमच्या मुलाची... म्हणजे यजमानांची प्रगती तशी बरी आहे. पण लक्ष कमी पडतं."

काकूंनी कपाळावरचा घाम पुसला. "इथे?" त्या म्हणाल्या. "इथे ते शुद्धीवर राहतात हेच खूप झालं. आणि मला एक सांगा, ती कात्री चादरीत मुळात टाकतं कोण?"

"हॉस्पिटलातला स्टाफ. पण—"

"मग ट्रेनिंग त्यांना का नाही?"

"तो आपल्या कक्षेबाहेरचा विषय आहे," साहेब म्हणाले.

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "घरीही हेच म्हणतात."

हॉलभर हशा पिकला. तो ओसरतो न ओसरतो तोच माझ्या शेजारची खुर्ची करकरली, आणि बघते तर आमच्या सासूबाई उभ्या. मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी हात झटकला.

"मी फार बोलत नाही," त्या म्हणाल्या. हे खोटं होतं. "माझी मुलं शाळेत होती तेव्हा मी एक बघायचे, वर्गात हवा येते का. ही माझी सून. घरी येते तेव्हा डोळे लाल, हात सोललेले, आल्या आल्या आडवी होते. मला वाटायचं, कामं टाळायला नाटकं करते. शेजारणींना पण मी तसंच सांगत आले." मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. "आज मी इथे बसले नाही बसले तोच माझं डोकं गरगरायला लागलं. हिची तर रोजची शाळा आहे ही. तुम्ही हिला नापास करा, काय वाटेल ते करा. पण आधी सांगा, या खोलीत पंखा का नाही?"

मग कोणाला थांबवता येईना. काकू पुन्हा उठल्या. कोणाचा तरी बाप हातमोज्यांबद्दल विचारायला लागला. एक नवरा म्हणाला, माझी बायको इथे कोणाशी बोलत नाही म्हणून घरी रडते, त्या चांदण्यांचं काय करताय? साहेबांच्या स्लाइडवर तेव्हा 'कुटुंब हीच ताकद' असं लिहून आलेलं होतं. साहेबांनी बाईंकडे बघितलं. चौथीतलं पोर फळ्यासमोर अडकलं की बघतं, अगदी तसं.

बाई त्यांच्याजवळ गेल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "उत्तर येत नसलं तर म्हणायचं, 'माहीत नाही, शोधून सांगतो.' त्यासाठी मी कोणाचे मार्क कापत नाही."

साहेबांनी घसा साफ केला. "माहीत नाही," ते म्हणाले. "शोधून सांगतो." हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं, कारण म्हणून झाल्यावर ते जरा वेळ स्वतःच आश्चर्याने उभे राहिले. त्या क्षणी माणूस म्हणून ते मला पहिल्यांदा बरे वाटले. तो भाव फार टिकला नाही, तो भाग वेगळा.

शोधायला त्यांना थोडे दिवस लागले, पण भिंतीत वाफ बाहेर ओढणारे मोठे पंखे बसले. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी कात्र्या-चिमटे टाकायला एक डबा ठेवला गेला, आणि तिथल्या माणसांना ट्रेनिंग द्यायला मॅडम गेल्या. स्लाइडशिवाय, चमचे घेऊन. तक्ता उतरवला. फळ्यावर पुन्हा माणसं लिहायला लागली, नाव न घालता. घड्यावाल्या दोघी पुन्हा एका कपातून चहा पितात.

साहेबांना वरच्या ऑफिसकडून बक्षीस मिळालं, 'कुटुंबाच्या सहभागातून कार्यस्थळ सुधारणा' म्हणून. त्यांच्या स्लाइडवर आमच्या सासूबाईंचा बोट उगारलेला फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'उत्साही पालक'. आता त्यांना दुसऱ्या शाखेतही हे करायचंय. त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "मी चौथीपर्यंतच शिकवते," आणि पिशवीत चमचे भरून घरी गेल्या.

त्या पहिल्या सभेनंतर मी आणि सासूबाई चालत घरी आलो. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. दार उघडता उघडता म्हणाल्या, "तिथे लोकांचं फाटलेलं शिवत बसतेस, आणि घरच्या उशीची शिवण कधीची उसवलीये."

मी उशी आणली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "तू पड जरा. मी घालते टाके." वाकडे घातले. मी तीच उशी डोक्याखाली घेऊन पडले.

पालकसभा बंद करायचं साहेबांच्या मनात होतं, पण पालक ऐकेनात. दर महिनाअखेर ती भरते. साहेब बहुतेक वेळा नेमके त्याच दिवशी दौऱ्यावर असतात. सासूबाई माझ्याआधी तयार होऊन दारात उभ्या राहतात. काका मध्यंतरी निवृत्त झाले, तरी काकू येतात, पुढच्या रांगेतली खुर्ची धरून बसतात आणि सगळ्यांच्या वतीने प्रश्न विचारतात. त्यांना पालकपदावरून निवृत्त करायचा कागद अजून कोणी काढलेला नाही.